चौकोन

फुकट हा शब्द आइली कोस्किनेनला मानवत नाही.
पहिल्या दिवशी तिनं विचारलं, तुझी फी किती?
काही नाही, मी म्हटलं.
तरी तिनं पर्स मिटली नाही बराच वेळ.

मग मी फॉर्म पुढे सरकवला.
आमच्याकडे मोफत वकील मिळायला
आधी गरीब असल्याचं सिद्ध करावं लागतं.
पेन्शनची चिठ्ठी. बँकेची तीन महिन्यांची पानं.
घरात माणसं किती?
त्या रकान्यात तिनं लिहिलं एक
आणि पेन उचलायला वेळ लावला.

थंडर बे. सरोवर काठाकडून गोठत गोठत
आत गेलेलं. धान्याच्या कोठारांपाशी
एक जहाज नाही.
बॉयलर बंद पडला तो नोव्हेंबरात.
मालकाला कळवावं, तर मालकाला नाव नाही:
सात आकडे, पुढे ऑन्टारिओ लिमिटेड.
आकड्यांना थंडी वाजत नाही.
तिनं डिसेंबरचं भाडं अडवलं
तेव्हा मात्र आकडे खडबडून जागे झाले.
जागा खाली करा.

दुसऱ्या भेटीत तिनं माझ्या टेबलावर
कॅलेंडरची पानं ठेवली, फाडून, टाचणीनं जोडलेली.
प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं
सकाळी सहाचं स्वयंपाकघर.
अकरा. साडेनऊ. नऊ.
नाताळ: आठ, ओव्हन उघडा ठेवून तेरा.
सात जानेवारी: तेलाची बाटली ओतेना.
एका चौकोनात आकडाच नाही, नुसतं
'नको.'

बघतील ना ते हे?
बघतील, मी म्हटलं. बोलून गेले.

तिसऱ्या वेळी वेलदोडा घातलेला वेणीचा पाव,
कापडात गुंडाळून. ही फी, म्हणाली.
नियमानं घेता येत नाही.
मी घेतला. चहाबरोबर सगळ्या ऑफिसनं खाल्ला.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
इथे चढायला पायरीही नाही.
एक पडदा, त्यावर सोळा चौकोन,
कुणाच्या तरी मांडीवर बाळ रडतंय,
त्याला आवाज बंद करायला सांगतात.
कंपनीच्या वकिलाचा चौकोन काळा.
आमचा हीटर चालू होता,
आइलीनं कोट काढला नव्हता.

मी नोटीस कॅमेऱ्यासमोर धरली.
टपालानं पाठवलेली, आणि टपालाचे पाच दिवस
धरायचे राहून गेलेले.
चौदा द्यायचे, दिले नऊ.
अधिकारी बाईंनी बोटांवर मोजलं.
पुन्हा मोजलं.
अर्ज फेटाळला.
चार मिनिटं लागली असतील, पुढचा क्रमांक.

मी वळले, तोंडभर हसत.
आइलीचं बोट पहिल्या चौकोनावर टेकलेलं,
पान उघडं, चष्मा डोळ्यांवर.
आणि हे?

याची गरजच पडली नाही, मी म्हटलं.

काही वाक्यं परत घेण्याचा
अर्ज कुठे करतात, मला अजून माहीत नाही.
रोज सहाला अंधारात उठून
तिनं साक्ष लिहिली होती,
आणि ती तरली कशावर,
तर टपालाच्या हिशेबावर.
नोटीस ते पुन्हा पाठवतील, या खेपेला नीट मोजून.
बॉयलरचं प्रकरण वेगळं, त्याची तारीख जूनची,
तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात चोवीस असतील.

बाहेर बाकावर माणसं खोळंबलेली.
एका पोराची सायकल दाराला टेकलेली.
मी दार लोटलं.
वाच, म्हटलं.

तिनं वाचलं. घाई न करता,
तारीख, मग आकडा,
जसं शपथेवर वाचतात.
अकरा. साडेनऊ. नऊ.
ऐकताना माझे हात टेबलाखाली गेले.
फाइलीत याची नोंद कुठल्या रकान्यात करायची
ते शोधत नव्हते मी. खरं तर शोधत होते.

'नको'पाशी ती अडली.
माझ्या मगातली पेन्सिल उचलली,
टोक बोटावर तपासलं.

चार, म्हणाली,
आणि लिहिलं.